ॲव्हरेज कुठून येतं?



ट्रकच्या धंद्यात ‘इंधन कार्यक्षमता’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे विचारतात, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ चार म्हटलं तर मालक मान डोलावतो, साडेतीन म्हटलं तर ड्रायव्हरपासून पंपवाल्यापर्यंत सगळ्यांवर त्याचा संशय जातो. लांब पल्ल्याच्या गाडीला सगळ्यात जास्त पैसा लागतो तो डिझेलला. महिन्याला दहा हजार किलोमीटर धावणारी गाडी चारच्या ॲव्हरेजने अडीच हजार लिटर डिझेल पिते. त्यातले पाच टक्के वाचले तर सव्वाशे लिटर, आणि नव्वद रुपये लिटरच्या हिशेबाने महिन्याला सव्वाअकरा हजार रुपये. ज्याच्या डोक्यावर गाडीचे हप्ते आहेत, त्याला ही रक्कम रात्री जागं ठेवते.

त्याच रकमेवर डोळा ठेवून एक मोठी बाजारपेठ उभी आहे. मुठीत मावेल असा चुंबकांचा एक जोड असतो. तो डिझेलच्या नळीला दोन्ही बाजूंनी लावायचा, वरून प्लास्टिकचा पट्टा आवळायचा, दहा मिनिटांत काम झालं. हवेच्या पाइपात बसवायचा पात्यांचा भोवरा असतो. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनाला पाजणारी डबी असते. टाकीत टाकायची गोळी असते, ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, ‘चिप’ असते, जास्त हवा घेणारा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सरही असतो. यांनी गाडीचा पिकअप आणि ॲव्हरेज खरंच वाढतं का, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. म्हणून आधी इंजिनाचा जमाखर्च पाहायला हवा.

१८९७ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डीझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी ती घेतली आणि इंजिनाची कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. म्हणजे इंधनातल्या शंभर भाग ऊर्जेपैकी सव्वीस भाग कामाला आले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे ही झेप फार मोठी होती. पुढे २०२० साली चीनच्या वेचाय कंपनीने ट्रकच्या डिझेल इंजिनाची ५०.२६ टक्के कार्यक्षमता प्रमाणित करून घेतली. मधे १२३ वर्षं गेली. पंपाचा दाब, इंजेक्टरच्या भोकांचा व्यास, पिस्टनच्या माथ्याचा आकार, टर्बो, इंटरकूलर, कॉमन रेल अशा एकेका गोष्टीवर हजारो इंजिनिअरांची हयात खर्ची पडली आणि त्यातून चोवीस टक्क्यांची भर पडली. नळीला पट्ट्याने बांधलेली वस्तू एका दुपारी वीस टक्के देते असं कोणी म्हणालं, तर ते या १२३ वर्षांशेजारी ठेवून पाहावं.

विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तुमच्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, अर्धं धुरातून जातं.’ ऐकायला पटतं, कारण काळा धूर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण ते खरं नाही. धडधाकट डिझेल इंजिनात अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के इंधन जळतं. उरलेली ऊर्जा वाया जाते ती न जळलेल्या डिझेलमधून नव्हे, तर उष्णतेतून. थोडी सायलेन्सरवाटे, थोडी रेडिएटरवाटे. जळण सुधारून मिळवायला शिल्लक आहे ती जेमतेम एक-दोन टक्क्यांची. चुंबक असो, भोवरा असो वा गोळी, जळण सुधारण्याचा दावा करणारी प्रत्येक वस्तू याच एक-दोन टक्क्यांतून आपले वीस टक्के काढू पाहते. जिथे ठेव नाही तिथून पैसे कसे निघतील?

भोवऱ्याचं उदाहरण घेऊ. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात तो हवेला पीळ देतो आणि पीळ दिलेली हवा डिझेलमध्ये छान मिसळते, असं सांगतात. टर्बो इंजिनात ही हवा पुढे कंप्रेसरच्या चाकात शिरते. ते चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं. तिथून हवा इंटरकूलरच्या अरुंद नळ्यांमधून गाळल्यासारखी जाते, मग मॅनिफोल्ड, मग व्हॉल्व्ह. इतक्या वाटेनंतर पाइपातल्या पिळाचा मागमूस राहत नाही. उरतो तो फक्त वाटेतला अडथळा.

हायड्रोजनच्या डबीचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. ताशी साठच्या वेगाने चारचं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला पंधरा लिटर डिझेल घेते. एका लिटरमध्ये साधारण दहा किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे इंजिनात दर क्षणी दीडशे किलोवॉट ओतले जात आहेत. डबीने चोवीस व्होल्टवर तीस अँपिअर ओढले तर होतात ७२० वॉट. त्यातून निघणाऱ्या हायड्रोजनमध्ये साडेचारशे वॉटही उतरत नाहीत. दीडशे किलोवॉटमध्ये ही भर अर्ध्या टक्क्याच्याही आतली. आणि हे ७२० वॉट येतात कुठून? अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याची घट आणि इंजिनाची घट धरली तर तेवढ्या विजेसाठी सुमारे तीन किलोवॉटचं डिझेल जळतं. तीन हजार वॉट देऊन साडेचारशे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

हा केवळ कागदी हिशेब नाही. १९७३ च्या तेलसंकटाने अमेरिका हादरली आणि इंधन वाचवणाऱ्या वस्तूंचा तिथे पूर आला. १९७५ च्या कायद्याने त्यांची परीक्षा घेण्याचं काम तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, ईपीएकडे, आलं. चुंबक, हवेची छिद्रं, वाफेच्या बाटल्या, इंधन तापवणारी यंत्रं अशा शंभराहून अधिक वस्तू ईपीएने पारखल्या. त्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी होत्या, हे सांगायला हवं. निष्कर्ष असा की मोजक्या वस्तूंनी किंचित फरक पडला, लक्षणीय फरक एकीनेही पडला नाही, आणि काहींनी धुरातलं प्रदूषण वाढवलं.

तरी त्या विकल्या गेल्या, कारण त्यांच्या जाहिरातीत कोणीतरी मोठा माणूस उभा असे. १९६३ साली एकट्याने पृथ्वीला बावीस प्रदक्षिणा घालणारे अंतराळवीर लेरॉय गॉर्डन कूपर यांनी ‘जी-आर व्हॉल्व्ह’ नावाच्या अशाच एका वस्तूची शिफारस केली होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७९ साली त्यांच्याविरुद्ध आदेश काढला. अवकाशात जाऊन आलेला माणूस एवढ्यावरून मोटारीच्या इंजिनाचा तज्ज्ञ ठरत नाही, हा त्यातला मुद्दा जाहिरातीच्या कायद्यात आजही दाखला म्हणून दिला जातो. आपल्याकडे १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. देशभर गाजावाजा झाला, शास्त्रज्ञांसमोर प्रयोगही झाले. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. मधल्या वीस वर्षांत किती सामान्य माणसांनी त्या पेट्रोलवर भरवसा टाकला असेल!

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. ‘मला फरक पडला’ असं सांगणारा मालक खोटं बोलत नसतो. त्याच्या वहीत खरंच फरक दिसतो. चूक वहीच्या पद्धतीत असते.

टाकी फुल करून निघायचं, परत फुल करायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं, ही आपली पद्धत. आता टाकी जवळून पाहा. सव्वा मीटर लांब आणि पाऊण मीटरला थोडी कमी रुंद टाकी असेल, तर डिझेलच्या पातळीत एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास आठ लिटर. पंपाची जागा जरा उतरती असली, गाडी एका अंगाला कलली, किंवा फेस बसायच्या आत पंपवाल्याने नळी काढली, की सेंटिमीटरभर इकडेतिकडे सहज होतं. मुंबईहून नागपूरला जाताना दोनशेच्या वर लिटर लागत असतील, तर आठ लिटर म्हणजे चार टक्के झाले. पाच टक्क्यांचा दावा करणारी वस्तू या चुकीतच लपून जाते.

त्याशिवाय भरलेलं वजन बदलतं, वारा फिरतो, पावसाळ्यातला रस्ता निराळा असतो. मुख्य म्हणजे ज्या दिवशी मालक मशीन बसवतो, त्या दिवशी तो गॅरेजमध्ये असतो. मग जाताजाता डिझेल फिल्टर बदलला जातो, टायरमध्ये हवा भरली जाते, ब्रेक घासत असेल तर सैल होतो. ड्रायव्हरलाही कळतं की मालक आता ॲव्हरेज बघणार आहे. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर हलका पडतो. श्रेय मात्र जातं चुंबकाला.

यावर उपाय अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांनीच शोधला. ‘एसएई जे-१३२१’ या नावाची चाचणी १९८६ पासून प्रमाणित आहे आणि ती कोणत्याही ताफ्याच्या मालकाला समजेल इतकी सोपी आहे. दोन सारख्या गाड्या घ्यायच्या. एकीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, ती ‘तुलनेची गाडी’. दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तोच माल भरून, थोड्या अंतराने सोडायच्या. ड्रायव्हर बदलायचे नाहीत. डिझेल भरायचं ते वेगळ्या सुट्या टाकीत, आणि फेरीनंतर ती टाकी उतरवून काट्यावर तोलायची; लिटर मोजायचे नाहीत, किलो मोजायचे. दुसऱ्या गाडीने खाल्लेल्या डिझेलला तुलनेच्या गाडीच्या डिझेलने भागायचं. हे गुणोत्तर तीन फेऱ्यांत जुळलं की मगच दुसऱ्या गाडीवर वस्तू बसवायची आणि पुन्हा तशाच तीन फेऱ्या करायच्या. वारा वाहिला तर दोघींना लागला, पाऊस पडला तर दोघी भिजल्या. उरलेला फरक वस्तूचा. या चाचणीत एका टक्क्यापर्यंतचा फरक पकडता येतो.

आता ज्या गोष्टींनी पिकअप खरोखर वाढतो, त्यांच्याकडे वळू. चिपला चुंबकाच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. जुन्या गाड्यांत मिस्त्री पंपाचं सील तोडायचा आणि डिझेलच्या स्क्रूला अर्धा आटा द्यायचा. घाटात गाडी एक गिअर वर चढायची आणि मागे काळा धूर सुटायचा. आजची चिप किंवा रीमॅप हेच काम सॉफ्टवेअरमधून करते. जास्त डिझेल, टर्बोचा जास्त दाब, इंजेक्शनची वेळ जरा अलीकडे. टर्बो डिझेलमध्ये याने वीस टक्के किंवा त्याहून अधिक ताकद वाढू शकते. कसारा घाटात भरलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

पण ती ताकद येते जास्त डिझेल जाळूनच. ॲव्हरेज थोडं सुधारतं ते इंजेक्शन अलीकडे आणल्याने, आणि तिथे दुसरी किंमत द्यावी लागते. सिलिंडरमधलं तापमान चढलं की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. कंपनीने ती वेळ मागे ठेवली होती ती याच विषारी वायूसाठी. पिस्टनचा माथा, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर पडणारा ताण वेगळाच. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौशी मालकांनी हा खेळ कुठवर नेला ते ईपीएच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालात आहे. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. त्या गाड्यांच्या आयुष्यभरात हवेत जाणारे जादा नायट्रोजन ऑक्साइड ५,७०,००० टनांवर जातात, असा तो अंदाज. रस्त्यावर नव्वद लाख जादा गाड्या आणल्यासारखा त्याचा परिणाम आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं आणि हेच ऑक्साइड आवरायला ट्रकला युरियाची टाकी लागली. युरियाचे पैसे वाचवायला ती यंत्रणा फसवणारं सर्किट बसवून द्यायला तयार असणारे लोकही आले. अशा जोडण्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पण दंडाच्या आधी एक साधा विचार करावा. टोलनाक्याच्या रांगेत त्या धुराच्या सगळ्यात जवळ कोण असतं? ड्रायव्हर आणि क्लीनर.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात. चोंदलेला फिल्टर बदलला तर डिझेल इंजिनाला नक्की फायदा होतो, पण तो नव्या साध्या फिल्टरनेही होतो. जास्त हवा सोडणारा फिल्टर धूळही जास्त सोडू लागला, तर उन्हाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यावर त्याची किंमत लायनर-पिस्टन मोजतात.

मग बाहेरून जोडलेल्या कोणत्याच वस्तूने ॲव्हरेज वाढत नाही का? वाढतं, आणि चांगलं वाढतं. फक्त ती वस्तू इंजिनावर नसते.

१९७० च्या दशकात नासाच्या कॅलिफोर्नियातल्या ड्रायडन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे इंजिनिअर सायकलवरून कामाला जात. शेजारून ट्रक गेला की त्याच्या पुढची हवा त्यांना आधी बाहेर ढकलायची आणि मग मागची पोकळी आत ओढायची. ज्याने हमरस्त्यावर सायकल चालवली आहे त्याला हा अनुभव आहे. विमानांवर काम करणाऱ्या सॉल्ट्झमन यांच्या मनात आलं की ही ढकलाढकल करायला ट्रक डिझेल जाळतो आहे. केंद्राने एक जुनी व्हॅन घेतली, तिच्याभोवती ॲल्युमिनिअमचे सपाट पत्रे ठोकून काटकोनी खोकं केलं आणि मग एकेक कड गोल करत चाचण्या घेतल्या. उभ्या आणि आडव्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा ५४ टक्क्यांनी घटला, आणि आतली जागा गेली फक्त तीन टक्के.

केबिनच्या टपावरचा हवा वळवणारा पत्रा त्याच्याही आधीचा. वॉल्टर सेल्डन सॉन्डर्स यांना त्याचं पेटंट १९६६ साली मिळालं. ती बाहेरून बोल्टने बसवायचीच वस्तू होती, पण हवेच्या बोगद्यात आणि रस्त्यावर दोन्हीकडे ती उतरली. आज हा आकार कारखान्यातूनच येतो. ईपीएने २००४ साली सुरू केलेल्या ‘स्मार्टवे’ उपक्रमात ट्रेलरच्या बाजूचे पडदे, मागचे पंख, कमी घर्षणाचे टायर आणि उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवू देणारी उपकरणं तपासून यादीत घेतात. कॅलिफोर्नियाने तर मोठ्या ट्रेलरवर यांतल्या काही गोष्टी कायद्याने सक्तीच्या केल्या.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिकडे ‘रन ऑन लेस’ नावाचा उपक्रम झाला. सात कंपन्यांच्या सात गाड्या, नेहमीचा माल, नेहमीचे रस्ते, आणि जोडणी सगळी बाजारात मिळणारी. सतरा दिवसांत त्या मिळून ५०,१०७ मैल धावल्या आणि सरासरी निघाली गॅलनला १०.१ मैल. तिथल्या ट्रकची सर्वसाधारण सरासरी तेव्हा ६.४ होती. आपल्या भाषेत पावणेतीनचं ॲव्हरेज सव्वाचारवर गेलं. हे घडवलं हवेला वाट देणाऱ्या आकाराने, टायरांनी, कमी फेऱ्यांवर चालवलेल्या इंजिनाने आणि हात बसलेल्या ड्रायव्हरांनी.

आपल्याकडे गणित थोडं बदलतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी शंभरला जेवढा असतो त्याच्या साधारण एक तृतीयांश तो साठला असतो. म्हणून साठने चालणाऱ्या भरलेल्या गाडीत टायरचं घर्षण मोठा वाटेकरी ठरतं. टायरमध्ये दहा पीएसआय हवा कमी असली तर अर्धा ते एक टक्का डिझेल जास्त लागतं, आणि दहा-बारा टायरांच्या गाडीत आतल्या जोडीची हवा कोणी वाकून पाहत नाही. फडफडणारी ताडपत्री, ओढणारा ब्रेक, वाकडी ॲलाइनमेंट, ढाब्यावर तासभर चालू ठेवलेलं इंजिन, या सगळ्यांत चुंबकाच्या आश्वासनाएवढं डिझेल पडलेलं आहे. सरकारनेही ऑगस्ट २०१७ मध्ये बारा टनांवरच्या गाड्यांसाठी इंधनवापराची मानकं ठरवली ती ताशी ४० आणि ६० च्या स्थिर वेगावर, कारण आपली गाडी याच वेगात जगते.

ताफ्याच्या मालकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी मशीन घेऊन आला, तर त्याला नकारही देऊ नका आणि पैसेही देऊ नका. दोन सारख्या गाड्या त्याच्यासमोर उभ्या करा, एकीला हात लावू देऊ नका, मशीन बसवण्याआधी तीन आणि बसवल्यावर तीन फेऱ्या करा, आणि डिझेल काट्यावर तोला. तो तयार झाला तर सहा फेऱ्यांत खरं काय ते कळेल. तयार झाला नाही, तर तेवढ्या पैशांत हवा मोजायचा एक चांगला गेज घ्या, तो क्लीनरच्या हातात द्या आणि आतल्या टायरांपासून सुरुवात करा.